एक मिलिव्होल्ट

हृदयाचा ठोका छातीच्या कातडीपर्यंत पोचतो तेव्हा त्याची वीज उरते जेमतेम एक मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या दीड हजाराव्या हिश्श्याएवढी. त्याच कातडीवर वायरिंगमधून आणि डोक्यावरच्या पंख्यातून उतरलेली ५० हर्ट्झची घरघर आधीच मुक्काम ठोकून असते, आणि ती या ठोक्याच्या दहापट निघाली तरी नवल वाटू नये. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत काय शिकायचं असतं, याचं मला पटलेलं सगळ्यात आखूड उत्तर असं: ती घरघर बाजूला सारून तो एक मिलिव्होल्ट शाबूत बाहेर काढायचा, आणि काढताना तारेच्या टोकाला असलेल्या माणसाला इजा होऊ द्यायची नाही.

गोव्यात एखाद्या मुलीनं बारावीनंतर हा विषय घेतला की पहिला प्रश्न लग्नाच्या मांडवात येतो, "म्हणजे, मेडिकलला नंबर लागला नाही का गो?" दुसरा जास्त तिखट, "मग काय, मशिनं दुरुस्त करणार?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर हो, तेही. आणि त्यात कमीपणा कुठला ते विचारणाऱ्यालाच विचारावं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा कुठल्याही मोठ्या इस्पितळात आयसीयूच्या एका खाटेभोवती मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, सक्शन असा पसारा उभा असतो. त्यातलं प्रत्येक यंत्र कोणीतरी आखलेलं, कोणीतरी तपासून पास केलेलं आणि कोणीतरी चालू ठेवलेलं असतं. या तिघांतलं कोण व्हायचं, ते तिसऱ्या वर्षापर्यंत ठरलं नाही तरी चालतं.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांसारखंच जातं. दुसऱ्या वर्षी शरीरशास्त्र येतं आणि तिथे हमखास घोटाळा होतो. मुलं ते मेडिकलच्या मुलांसारखं पाठ करू लागतात. दोनशे सहा हाडांची नावं इथे कोणी विचारत नाही. प्रत्येक अवयवापुढे इंजिनिअरचे प्रश्न ठेवायचे: काय वाहतं, किती वाहतं, किती दाबानं, आणि बाहेरून मोजायचं तर कुठून. मिनिटाला ७० ठोके, प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे हा पंप मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतो. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर बाहेर टाकतात. असे आकडे डोक्यात बसले की पुढच्या वर्षी डायलिसिसचं मशीन समोर आल्यावर ते परकं वाटत नाही.

पण खरी परीक्षा ईसीजीच्या, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख काढणाऱ्या सर्किटाची. आइन्थोव्हेननं १९०३ मध्ये तारेच्या गॅल्व्हनोमीटरवर हा आलेख घेतला तेव्हा माणसाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. आज तेच काम चिकटणाऱ्या चकत्या करतात. तत्त्व मात्र जुनंच. शरीरात वीज वाहते ती आयनांची, तारेत वाहते ती इलेक्ट्रॉनांची, आणि या दोघांचा व्यवहार चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या थरावर होतो. या व्यवहाराची दलाली म्हणजे हाफ-सेल पोटेन्शियल, चकतीनं स्वतःच तयार केलेला व्होल्टेज. दोन चकत्या अगदी सारख्या असत्या तर ती वजा होऊन शून्य झाली असती. एकीचं जेल सुकलेलं, दुसरीखाली घाम, अशा वेळी फरक उरतो, आणि यंत्र आखताना हा फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाईल असं धरतात. म्हणजे एक मिलिव्होल्ट शोधायचा तो तीनशेच्या ढिगाऱ्यावरून.

इथे पहिली चूक होते. एक मिलिव्होल्टचा एक व्होल्ट करायचा, म्हणजे गुणक हजार, मग एकाच टप्प्यात हजार का नको? कारण ३०० मिलिव्होल्ट गुणिले हजार म्हणजे ३०० व्होल्ट, आणि बॅटरी आहे नऊची. अँप्लिफायर छताला डोकं टेकून बसतो, पडद्यावर सरळ रेघ येते आणि मुलं इलेक्ट्रोडना दोष देत राहतात. म्हणून पहिला टप्पा दहाचाच. एडी६२० ही तयार अँप्लिफायरची चिप घेतली तर तिचा गुणक १ अधिक ४९.४ किलोओहम भागिले बाहेरून लावलेला रोध, ५.६ किलोओहम लावला की ९.८ मिळतो. त्यानंतर संथ सरकणारा भाग अडवणारा हाय-पास गाळप, १ मायक्रोफॅरड आणि ३.३ मेगाओहम, म्हणजे ०.०४८ हर्ट्झ. मग १०० किलो आणि १ किलो ओहमच्या जोडीनं १०१चा दुसरा टप्पा. शेवटी १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा लो-पास, म्हणजे १५९ हर्ट्झच्या वरचं अडवणारा. एकूण गुणक हजाराच्या आसपास.

कागदावर इतकं सोपं. ब्रेडबोर्डवर ते का चालत नाही, त्याची कारणं मात्र दर वर्षी तीच. दुसऱ्या टप्प्याला लॅबच्या खणात सापडला म्हणून ७४१ हा जुना ऑप-अँप, म्हणजे अँप्लिफायरची साधी चिप, लावलेला असतो. त्याच्या पायातून साधारण ८० नॅनोअँपिअर वाहतात, ते ३.३ मेगाओहममधून गेले की पाव व्होल्टाहून जास्त पडतात, आणि पुढे १०१ बसलेला. परत छत. टीएल०७२ लावला की हाच प्रवाह पिकोअँपिअरमध्ये येतो आणि सर्किट शहाण्यासारखं वागू लागतं. दुसरं कारण कपॅसिटर. १ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक सहज मिळतो म्हणून तो टोचतात. त्याची गळती या जागी परवडत नाही, फिल्मचाच हवा. तिसरं कारण अधीरपणा. ३.३ मेगाओहम आणि १ मायक्रोफॅरडचा कालस्थिरांक ३.३ सेकंद, रेघ जागेवर यायला त्याच्या पाचपट, म्हणजे सोळा-सतरा सेकंद लागतात. तोवर ती पडद्याबाहेर असते. त्या सोळा सेकंदांत चांगली चाललेली कितीतरी सर्किटं उपटून टाकली गेली असतील.

आणि माणसाला जोडण्याआधी सर्किट एकटं तपासायचं, हे कोणी करत नाही. दोन्ही इनपुट एकमेकांना आणि ग्राउंडला जोडून बघा, रेघ शून्याजवळ स्थिर हवी. मग सिग्नल जनरेटरचा एक व्होल्ट १०० किलो आणि १०० ओहमच्या जोडीतून विभागला की जवळजवळ नेमका एक मिलिव्होल्ट हातात येतो. तो दिल्यावर पलीकडून एक व्होल्ट निघत नसेल तर दोष आपला, शरीराचा नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे एडी६२० नकली निघण्याचं प्रमाण बरंच आहे; तेही इथेच उघडं पडतं.

आता घरघर. ती दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखीच येते, म्हणून वजाबाकी करणारा अँप्लिफायर तिला खाऊन टाकतो, निदान तसं पुस्तकात लिहिलेलं असतं. तीन साधे ऑप-अँप घेऊन हातानं बांधलेल्या अँप्लिफायरमध्ये ही वजाबाकी रोधांच्या जुळणीवर अवलंबून असते. ५ टक्क्यांचे रोध वाईटात वाईट जुळले तर वजाबाकीचा टप्पा फक्त २० डेसिबल देतो, आधीच्या टप्प्याचा दहाचा गुणक धरून ४०, म्हणजे घरघर शंभरपट कमी. अंगावर १० मिलिव्होल्ट घरघर असेल तर त्यातले १०० मायक्रोव्होल्ट आत येणार, आणि ईसीजीतली पी लाट, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची म्हणजे अलिंदांची खूण, असते साधारण तेवढीच. पी लाट गेली, आणि आलेख वाचणाऱ्याला अलिंदाचा पत्ताच लागत नाही. एडी६२० या गुणकाला १०० डेसिबल देतो, तेव्हा हीच घरघर एका मायक्रोव्होल्टच्या दहाव्या हिश्श्यावर येते.

तरीही रेघ जाड दिसते, आणि मग हात जातो नेमके ५० हर्ट्झच कापणाऱ्या नॉच गाळपाकडे. माझ्या मते पदवीच्या मुलांना नॉच गाळप शेवटच्या महिन्यापर्यंत दाखवूच नये. क्यूआरएस म्हणजे ठोक्याची मुख्य उंच लाट, तिच्या टोकदार भागात ५० हर्ट्झही असतात. तेच कापले की टोक बोथट होतं आणि मागे खोटी लहर उठते. आधी घरघर येते कुठून ते पाहावं. तारा एकमेकींना पीळ देऊन आखूड केल्या? उजव्या पायाचं इलेक्ट्रोड खरंच चिकटलं आहे? कातडी घासली? शेवटचा प्रश्न सगळ्यात क्षुल्लक दिसतो आणि सगळ्यात जास्त कामाचा तोच. वरच्या मृत थराचा रोध दोन जागी वेगवेगळा असतो. हा फरक २० किलोओहम धरला आणि तारेत बाहेरून ६ नॅनोअँपिअर शिरले, तर १२० मायक्रोव्होल्टची घरघर तयार होते, आणि ती दोन इलेक्ट्रोडमधला फरक म्हणूनच येत असल्यामुळे जगातला कुठलाही अँप्लिफायर तिला वजा करू शकत नाही. खरखरीत गॉजनं चार वेळा घासा, स्पिरिटनं पुसा, सुकू द्या. मेच्या उकाड्यात छातीवर घामाचा ओलावा असताना चकती चिकटवली तर ती धरतच नाही. पंख्याखाली मिनिटभर बसवणं हाही सिग्नल प्रोसेसिंगचाच भाग आहे.

मग येतो संगणक. अर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डावरचा, व्होल्टेजचा आकडा करणारा कन्व्हर्टर १० बिटांचा, ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची. हजारपट केलेली पी लाट त्यात वीसेक पायऱ्या चढते, चालण्यासारखं आहे. पण ईसीजी शून्याच्या खालीही जातो आणि अर्डुइनोला ऋण काही कळत नाही, म्हणून तो २.५ व्होल्टवर उचलून द्यावा लागतो. शिवाय पुढे १० किलोओहमचा रोध आणि दोन डायोड नसले तर नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारा अँप्लिफायर एक दिवस तो पिन जाळतो. सेकंदाला २५० नमुने घ्यायचे म्हणजे दोन नमुन्यांत ४ मिलिसेकंद. आणि सीरियल पोर्ट सवयीनं ९६०० वर ठेवलेला. तीन आकडी संख्या आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा, म्हणजे पाच अक्षरं, प्रत्येकी दहा बिट: पाच मिलिसेकंदांहून जास्त वेळ फक्त पाठवण्यात जातो. रांग साचते, नमुने उशिरा पडतात, आणि ७२ च्या नाडीला प्रोग्राम ९४ म्हणतो. वेग ११५२०० करा आणि नमुने टायमरच्या इंटरप्टवर घ्या. डिलेच्या भरवशावर घेतलेले नमुने समान अंतरावर नसतात, आणि अंतर समान नसलं तर पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहतं.

ठोके मोजायला पॅन आणि टॉम्पकिन्सची १९८५ ची रीत अजून उत्तम: ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा, मग उतार, मग वर्ग, मग सुमारे १५० मिलिसेकंदांच्या खिडकीतली सरासरी. वर्ग केल्यानं ऋण-धन भेद जातो आणि क्यूआरएस त्यानंतर येणाऱ्या टी लाटेपेक्षा कितीतरी उंच उभा राहतो. तपासायला एमआयटी-बीआयएचचा ईसीजींचा संग्रह मोफत मिळतो, अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० नमुने. २५० साठी लिहिलेला प्रोग्राम तसाच ३६० वर लावला की खिडकी आणि पट्टा दोन्ही चुकतात. यात दर बॅचचा एक गट तरी सापडतोच.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी सांगायला हवी होती. माणूस जोडलेला असताना सर्किट बॅटरीवरच, आणि लॅपटॉप चार्जरवरून काढलेला. यात तडजोड नाही. कोरड्या कातडीतून आत शिरलेला प्रवाह माणसाला मारायला साधारण १०० मिलिअँपिअर लागतात. पण हृदयात कॅथेटर असेल तर शंभरेक मायक्रोअँपिअर पुरतात. हजारपट कमी, आणि बोटाला जाणवणारसुद्धा नाहीत एवढे. म्हणूनच आयईसी ६०६०१ या मानकात थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागाला, सीएफ गटाला, रुग्णातून वाहणारी गळती १० मायक्रोअँपिअरपर्यंतच चालते, एक दोष धरून ५०. अंगावरून जोडणाऱ्या बीएफ गटाला १०० आणि ५००. हे चार आकडे तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून मुलं पाठ करतात. त्यामागचा शंभर मायक्रोअँपिअरचा आकडा कळला असेल तर पाठ करायची वेळ येत नाही.

गळतीचा विषय निघाला की अर्थिंग येतं, आणि अर्थिंग म्हटलं की आपली चिऱ्यांची जमीन. जांभ्याचा रोध मुळात जास्त, त्यात पावसाळ्यात पाणी भरतं आणि एप्रिल-मेत खडखडीत कोरडं पडतं. जुलैत मोजलेला अर्थ पिट उत्तम येतो. तोच मेत मोजला तर आकडा कितीतरी चढलेला असतो. म्हणून मोजायचा तो उन्हाळ्याच्या शेवटी. बरीच ठिकाणं नेमकी पावसाळ्यानंतर मोजतात, कागदावर छान आकडा पडतो म्हणून. यंत्राच्या आतली अर्थची जोडणी वेगळी मोजावी लागते: प्लगच्या अर्थ पिनपासून यंत्राच्या धातूच्या अंगापर्यंत २५ अँपिअर सोडून, सुटी केबल धरून ०.२ ओहमच्या आत. इतका प्रवाह का? साधा मल्टिमीटर किरकोळ प्रवाहावर मोजतो, आणि एकाच धाग्यावर लोंबणारी वायरही त्याला चांगलीच दिसते.

बायोमेकॅनिक्स या सगळ्यामानानं शांत विषय. पाच लिटरची भरलेली कळशी कोपर काटकोनात ठेवून धरली, कळशीचं वजन ५० न्यूटन, कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर. हाताचं स्वतःचं १५ न्यूटन, १५ सेंटिमीटरवर. आणि दंडाचा स्नायू ओढतो तो कोपरापासून फक्त ४ सेंटिमीटरवरून. मोमेंट मांडा: स्नायूला लागतात ४९४ न्यूटन, पन्नास किलोचं पोतं उचलण्याएवढे. सांध्यावर त्यातले जवळजवळ ४३० दाबले जातात. पाच किलोसाठी पन्नास किलो, ही शरीराची फार वाईट तरफ आहे असं वाटतं, पण बदल्यात स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात आठ-नऊ सेंटिमीटर फिरतो. ताकद देऊन वेग घेतलेला व्यवहार. मुलं या गणितात हाताचं वजन विसरतात, किंवा सांध्याचा जोर वरच्या दिशेनं काढतात.

हाच हिशेब पुढे हाडाच्या प्लेटला लागतो. हाडाच्या बाहेरच्या थराचा ताठपणा १७ ते २० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०, स्टीलचा २००. ताठ माणसानं सगळा भार उचलला की शेजारचा सुस्तावतो. प्लेटखालचं हाड तसंच पातळ होत जातं. बायोमटेरिअल्समध्ये चिवटपणाही शिकायला मिळतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं देशी कृत्रिम झडप बनवताना आधीची मॉडेल एकामागून एक बाद केली आणि १९९० मध्ये पहिली झडप रुग्णाला बसवली. त्यातली हलणारी चकती शेवटी कुठल्या दुर्मीळ पदार्थाची नाही, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची ठरली.

पल्स ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घराघरात आला आणि त्याबरोबर एक अंधविश्वासही. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेलं तत्त्व साधं आहे: ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवायचा, प्रत्येकातला नाडीबरोबर हलणारा भाग स्थिर भागानं भागायचा, आणि या दोघांचं गुणोत्तर घ्यायचं. अंदाजी सूत्र ११० वजा २५ गुणिले गुणोत्तर. गुणोत्तर ०.४ म्हणजे शंभर, १ म्हणजे ८५. यातली मेख अशी की हे सूत्र भौतिकशास्त्रातून आलेलं नाही. निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवून, धमनीतल्या रक्ताशी ताडून ते बसवलेलं असतं. सत्तरच्या खालचा आकडा म्हणजे अंदाजाचा अंदाज. आणि स्वयंसेवक कोणत्या रंगाचे होते यावरही ते ठरतं: अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिमीटरनं लपवलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. आपल्याकडच्या सावळ्या बोटांवर हे यंत्र लावताना तो अभ्यास आठवावा.

लॅबमध्ये मात्र घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. मॅक्स३०१०० या ऑक्सिमीटर चिपच्या स्वस्त मॉड्यूलवर सिग्नलची तार वर ओढून धरणारे पुल-अप रोध १.८ व्होल्टला जोडलेले असतात, म्हणून ते अर्डुइनोला दिसतच नाही आणि मुलं दोन दिवस प्रोग्राम तपासत बसतात. दिसू लागलं की बोट दाबून धरतात. दाबलं की बोटातलं रक्तच हटतं, आणि हलणारा भाग नाहीसा होतो. बोट फक्त टेकवायचं, पाकळीवर टेकवावं तसं.

सहाव्या-सातव्या सत्रात इस्पितळात पाठवतात, आणि तिथे इतका वेळ मोठा वाटलेला विषय एकदम बारीक होतो. बिघाडाची वही चाळली तर मदरबोर्ड क्वचित दिसतो. तुटलेली प्रोबची केबल, मेलेली बॅटरी, उडालेला फ्यूज, बीपीचा फाटका कफ, चुकीच्या मापाचा कफ. शेवटचं तर बिघाड म्हणून नोंदलंही जात नाही: कफाची आतली पिशवी दंडाच्या घेराच्या चाळीस टक्के रुंद हवी, लहान पडली की रक्तदाब खोटा चढतो, आणि माणूस नसलेल्या आजाराच्या गोळ्या खातो. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरशी मात्र मस्करी नको. जुन्या मोनोफेजिक यंत्रात ३२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५००० व्होल्टपर्यंत भरतो, म्हणजे ४०० ज्यूल, आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला असू शकतो. तपासणी ५० ओहमच्या टेस्ट लोडवरच. पॅडल एकमेकांना टेकवून "चालतंय का बघू" म्हणणारा भेटला तर त्याच्या शेजारी उभं राहू नये.

गोव्यातल्या इस्पितळाचं खरं वेळापत्रक पाऊस ठरवतो. घरात मेमध्ये पुरुमेंताची खरेदी होते, खारं, कोकमं, मिरच्या भरून ठेवतात. तशीच यंत्रांचीही पुरुमेंत असते. मायक्रोस्कोप आणि एंडोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते, आणि एकदा तिनं काचेवरचा लेप खाल्ला की पुसून उपयोग नाही. पूर्वी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे. आता कोणीतरी वीज वाचवायला तिथे एलईडी बसवतं. उजेड पडतो, ऊब नाही, आणि बुरशी सुखानं वाढते. सिलिका जेल ठेवलं तर निळ्याचं गुलाबी झालं की ते भरलं. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवलं की परत निळं. गुलाबी झालेली पुडी तशीच ठेवणं म्हणजे ओला टॉवेल कपाटात ठेवणं. किनाऱ्याजवळ कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तो ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलनं पुसावा. वॉर्डातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट कातडीसाठी आहे, त्यातलं तीस टक्के पाणी सर्किटात जाऊन नवा गंज सुरू करतं.

डायलिसिसला तर पाऊस थेट नळातून येतो. मिनिटाला अर्धा लिटर, चार तास, म्हणजे एका बैठकीत १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. नळाचं पाणी गढूळ झालं की गाळाचे फिल्टर तुंबतात; क्लोरिन वाढवला की कार्बनच्या टाकीवर भार येतो. क्लोरिनपासून बनणारं क्लोरामाइन आरओतून निसटतं आणि तांबड्या पेशी फोडतं, म्हणून दोन कार्बन टाक्या एकामागे एक लावून पहिलीच्या पुढून नमुना घेतात, प्रत्येक पाळीच्या आधी: एकूण क्लोरिन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत. पहिलीनं हात टेकले तरी दुसरी उभी असते, टाकी बदलायला वेळ मिळतो. दुसरीच्या पुढून नमुना घेतला तर ते कळतं तेव्हा वेळ गेलेली असते. इथे मिटरपेक्षा नळाची जागा महत्त्वाची, आणि ही जागा कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही.

नियम आणि कागद याबद्दल मुलांना कंटाळा असतो. २०१७ च्या नियमांनी वैद्यकीय उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग पाडले, हे पाठ करण्यापेक्षा थेरॅक-२५ ची हकीकत वाचावी. १९८५ ते १९८७ मध्ये या रेडिएशन यंत्रानं सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, काही दगावले. जुन्या यंत्रातली यांत्रिक अटकाव काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती, आणि चालवणारी व्यक्ती टायपिंगमध्ये फार तरबेज झाली की दोन कामांची शर्यत लागून चूक उघडी पडायची. हळू टाइप करून तपासलं तर यंत्र ठीकच दिसायचं.

कॉलेजाविषयी थोडंसं. गोव्याच्या मुलांना यासाठी बहुधा घर सोडावं लागतं, मुंबईकडे किंवा कोकण रेल्वेनं उडुपीला उतरून मणिपालला. घर सोडायचं नसेल तर फर्मागुडीला किंवा वेर्ण्याला इलेक्ट्रॉनिक्स घेऊन, प्रकल्प या विषयातला करूनही इकडे येता येतं. गेट या एमटेकच्या प्रवेशपरीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. कॉलेज निवडताना इमारत बघू नये. शेजारी चालतं इस्पितळ आहे का, आणि लॅबमधली यंत्रं उघडायला देतात का, एवढं विचारावं. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला व्हेंटिलेटर कोणालाही काही शिकवत नाही.

आणि ईसीजी हा जुना झालेला विषय असंही समजू नये. गोव्यात छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आरोग्य केंद्रात काढून दूरवरच्या डॉक्टरला पाठवायची सोय स्टेमी, म्हणजे हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यासाठीच्या, प्रकल्पातून झाली आहे. पाठवणारी तार कितीही वेगवान असो, व्ही१ आणि व्ही२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या फासळीखालच्या फटीऐवजी दोन बोटं वर लावले तर पलीकडे वेगळंच हृदय दिसतं. हातांच्या तारा उलट लागल्या तर लीड-१, म्हणजे दोन हातांमधला आलेख, उपडा येतो. त्यात रंगांचा गोंधळ: आपल्याकडच्या केबलींत उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा, अमेरिकी केबलीत काळा म्हणजे डावा हात आणि हिरवा म्हणजे उजवा पाय. दुरुस्तीच्या वेळी मिळेल ती केबल बसवली की सवयीचा हात चुकीच्या जागी जातो. नवीन केबल लागली की रंगांची चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी.

आलेखाच्या पट्टीवर एका टोकाला चौकोनी दरवाजासारखा एक ठसा असतो. बहुतेक जण तो सोडून लाटा वाचायला लागतात. तो ठसा म्हणजे यंत्रानं स्वतःला दिलेला एक मिलिव्होल्ट. कागदावर तो दहा मिलिमीटर उंच हवा. पाचच भरला तर कोणीतरी अर्ध्या मापाचं बटण दाबून ठेवलं आहे, आणि पुढची प्रत्येक लाट दुप्पट करून वाचायची आहे. साडेनऊ भरला तर पट्टी बाजूला ठेवून यंत्र उघडायचं.